भेट द्यायचा लोखंडी क्रूस: लोहाराकडून, वेल्डिंगवाल्याकडून, लेझरवर की बिडाचा?

मागच्या वर्षी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मित्रानं घर बांधलं. घरात कोकणी, शाळेत मराठी, कचेरीत कन्नड असा आमच्या भागातला नेहमीचा माणूस. गृहप्रवेशाला फादर येऊन घराला आशीर्वाद देणार होते. कुकर, मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ द्यायला बाकीचे होतेच. मला लोखंडाचा क्रूस द्यायचा होता, हातानं घडवलेला, दारातून आत गेल्यावर समोर दिसेल असा. ही गोष्ट डोक्यात आल्यापासून तो भिंतीवर लागेपर्यंत तीन महिने गेले. तेवढ्यात बेळगाव आणि आसपास लोखंडाला आकार देणारे जितक्या तऱ्हांचे लोक आहेत, त्या बहुतेक सगळ्यांच्या दारात जाऊन आलो. तुम्हीही असंच काही द्यायच्या विचारात असाल तर माझी पायपीट तुमच्या उपयोगी पडेल.

लोखंडाच्या आधी माणसाचं बघा. कॅथलिक घर असेल तर क्रूसावर ख्रिस्ताची मूर्ती असावी असं घरच्या वडीलधाऱ्यांना वाटतं. प्रोटेस्टंट घरात मोकळा क्रूस लागतो, मूर्ती असली तर उलट अवघडल्यासारखं होतं. आमच्या जिल्ह्यात दोन्ही आहेत. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली गोवा आणि पुणे इथल्या धर्मप्रांतांतून वेगळा झाला, आणि खानापूरकडच्या कॅथलिक घरांतून बोलणं, सण, जेवण सगळ्यावर गोव्याची छाप. मोकळा क्रूस त्यांना वर्ज्य नाही, वाटेवरचे दगडी-सिमेंटचे 'खुरीस' मोकळेच असतात आणि मे महिन्यात त्यांच्यापुढे लदीन (गाऊन म्हणायची प्रार्थना) म्हणतात. पण वेदीवर मूर्तीचाच लागतो आणि घरात आजी असेल तर ती विचारतेच. मित्राच्या आईनं हातात घेतल्या घेतल्या पहिलं वाक्य म्हटलं ते, "हाचेर जेजू खंय?" (यावर येशू कुठाय?) म्हणून आधी विचारून घ्या. गावचा लोहार मूर्ती घडवत नाही, ते त्याचं कामच नव्हे. मूर्ती हवीच असेल तर पितळेची छोटी तयार मिळते. क्रूसाला दोन बारीक भोकं पाडून घेतली की ती रिपीट (रिव्हेट) मारून बसवता येते. ही भोकं मात्र घडवतानाच सांगून ठेवावी लागतात.

दुसरा प्रश्न तो कुठं लागणार. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला, जिथं मलप्रभा उगम पावते त्या घाटमाथ्यावर, चार महिने भिंती ओल्या असतात आणि कपाटातल्या चपलेलासुद्धा बुरशी येते. जिल्ह्याच्या कोरड्या टोकाला, अथणी-कागवाडकडं, तोच क्रूस पडवीत टांगला तरी वर्षानुवर्षं त्याला काही होत नाही. हातानं घडवलेल्या लोखंडाचं सगळं रूप त्याच्या उघड्या, काळ्या, हातोडीच्या खुणांच्या अंगात असतं, आणि पावसाला पहिलं बळी पडतं तेही तेच अंग. बाहेर, व्हरांड्यात किंवा थडग्यावर लावायचा असेल तर खाली लोहाराबद्दल जे कौतुक येईल त्यातलं निम्मं वजा करून वाचा.

लोहाराकडचा

मी शेवटी हाच घेतला, म्हणून यावर जास्त बोलणार.

लोहारकामातला क्रूस दोन तऱ्हेनं होतो. सोपा म्हणजे दोन पट्ट्या घ्यायच्या, मधोमध निम्मी जाडी उतरवून खाच पाडायची, एकीत एक बसवायची आणि लालबुंद रिपीट मारायचा. रिपीट निवताना आकसतो आणि दोन्ही पट्ट्या आवळून धरतो, वेल्डिंगची गरज पडत नाही. टोकं फाकवून माशाच्या शेपटीसारखी करता येतात, उभ्या दांड्याला पीळ देता येतो. एका दिवसात हातात मिळतो, बरा लोहार बिघडवत नाही आणि दिसायलाही चांगला दिसतो.

दुसरी तऱ्हा एकाच चौकोनी दांड्याची. यात जोडच नाही. मी आधी चित्रात बघितला होता, पण कसा करतात ते प्रत्यक्ष दांडा हातात धरून दोन रेघा मारेपर्यंत कळलं नाही. २० मिलिमीटर चौरस माइल्ड स्टीलचा, २० सेंटिमीटर लांबीचा तुकडा घ्या. एका टोकाकडून, दांड्याच्या मधोमध, उभा चिरा १२ सेंटिमीटर. मग दांडा एक पाव वळण फिरवून दुसऱ्या टोकाकडून तसाच चिरा, तोही १२ सेंटिमीटर. दोन्ही चिरे मधल्या ४ सेंटिमीटरात एकमेकांवरून जातात. तेवढ्या भागात दांड्याचे चार बारीक दोर होतात आणि दोन्ही टोकांना दोन-दोन पाय राहतात. तापवून एका टोकाचे पाय दोन्हीकडं फाकवायचे, मग दुसऱ्या टोकाचे. मधले चार दोर आपोआप उघडून चौकोनी खिडकी होते आणि चार बाजूंना चार हात. शेंग उकलावी तसं ते उकलतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला सांगितलं की हे एकाच तुकड्याचं आहे, तर तो उलटं-सुलटं करून जोड शोधत बसतो.

चारही हात सारखे ८ सेंटिमीटरचे निघतात. क्रूसाचा खालचा पाय लांब हवा, म्हणून तो तापवून ठोकत ठोकत १४ पर्यंत ताणायचा. उंची फुटाला थोडी कमी, रुंदी २० सेंटिमीटरच्या आसपास. मूळ तुकड्याचं वजन सव्वासहाशे ग्रॅम असतं, त्यातलं थोडं करवतीच्या भुशात आणि तापल्यावर सुटणाऱ्या खवल्यांत जातं. म्हणजे लोखंडाची किंमत म्हणाल तर स्टँडवरच्या दोघांच्या चहा-भज्याएवढी. बाकी सगळे पैसे हाताचे आणि कोळशाचे.

माझा लोहार बेळगावच्या बाहेर एका गावात. त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणालो. नांगराच्या फाळाला टोक काढणं, कुऱ्हाडीला पाणी देणं, विळे पाजवणं हा त्यांचा धंदा, क्रूस त्यांनी आयुष्यात केलेला नव्हता. मी वहीतलं चित्र दाखवलं. त्यांनी ते बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि पोरानं आणलेला एक मुळा उचलून विळ्यानं त्याला दोन्हीकडून चिरा दिला, बोटांनी फाकवला. मुळा मोडला, पण गोष्ट त्यांना कळली होती. "होतंय की. पण चिरा कोण पाडणार? मी छिन्नीनं पाडला तर वाकडा जाणार बघा."

हे महत्त्वाचं आहे. चिरा सरळ आला नाही तर एक हात जाड, एक बारीक होतो. हॅक्सॉनं पाडायचा तर पातं चौकटीत पाव वळण फिरवून बसवावं लागतं, नाहीतर अर्ध्या वाटेत चौकट दांड्याच्या टोकाला अडते. मी शहाणपणा करून फॅब्रिकेशनवाल्याकडं बँडसॉवर पाडून घेतला. दहा मिनिटांत झाला. चिरा जिथं संपतो तिथं आधी पाच मिलिमीटरचं भोक पाडून घ्यायचं, म्हणजे फाकवताना तो पुढं फाटत जात नाही. मशीनवर चिरा पाडला म्हणून 'हातानं घडवलेला' म्हणायचं का, असा प्रश्न एका शुद्धतावादी मित्रानं विचारला. त्याला मी हॅक्सॉ दिली आणि दांडा दिला. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

पहिला तुकडा जळला. मामा फोनवर बोलत होते, पोरगा ब्लोअर फिरवत राहिला आणि भट्टीतून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या. ठिणग्या म्हणजे लोखंड जळायला लागलं. बाहेर काढून ऐरणीवर ठेवलं तर एक पाय शिळ्या भाकरीसारखा तुकडे होऊन पडला. जळलेलं लोखंड परत सुधारत नाही, फेकूनच द्यावं लागतं. म्हणून दोन तुकडे चिरून न्या. दुसऱ्याच्या वेळी मामांनी फोन पोराकडं दिला आणि ब्लोअर स्वतःकडं घेतला. नारिंगी-पिवळा रंग आला की बाहेर, लालवर उतरला की परत आत. लाल झालेल्यावर उगाच ठोकत राहिलं तर मधले दोर कोपऱ्यात चिरतात. सगळं काम नऊ-दहा वेळा तापवण्यात झालं, दीड तास.

लोखंड कुठलं घ्यायचं हे लोहारावर सोडू नका, कारण त्याच्या दृष्टीनं चांगलं कब्बिण (कन्नडमधलं लोखंड) म्हणजे ट्रकच्या कमानीचा पाटा. कोयत्याला तेच लागतं, त्यात त्याची चूक नाही. पण ते पोलाद पाण्यात बुडवलं की कडक होतं आणि आपल्या बारीक दोरांना तडा जातो. साधं माइल्ड स्टील पाण्यात घातलं तरी त्याला फारसं काही होत नाही. आणि भंगारातला जी.आय. पाइप किंवा जस्ताचा मुलामा असलेली कुठलीही वस्तू भट्टीत जाऊ देऊ नका. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो.

वरचं अंग कसं करायचं यावर माझं ठाम मत आहे: रंग नको. तारेच्या ब्रशनं खवले काढायचे, परत थोडं तापवायचं, लाली पूर्ण जाऊन लोखंड काळं पडलं की मधमाशीचं मेण त्यावर फिरवायचं. धूर आला पाहिजे, पेटलं नाही पाहिजे. मेण वितळून खुणांत शिरतं आणि काळा, किंचित चमकणारा रंग येतो, तव्याला तेल मुरल्यासारखा. जवसाच्या तेलानंही होतं. फक्त तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या हवेत पसरून वाळवायच्या. घरात लागणाऱ्या क्रूसाला वर्षातून एकदा मेणाचा हात पुरतो.

वेल्डिंगचा, लेझरचा, बिडाचा

फॅब्रिकेशनच्या दुकानात गेलात तर तासाभरात क्रूस हातात मिळेल. गेट-ग्रिलसाठी आणून ठेवलेले पीळ दिलेले चौरस बार, भाले, फुलं त्यांच्याकडं असतातच. दोन बार कापून आडवा-उभा टॅक मारायचा, टोकांना भाले, काळा रंग. स्वस्त आणि मजबूत. मोठा हवा असेल, चार फुटी, दारासमोर किंवा थडग्याजवळ रोवायचा, तर मी दुसऱ्या कुणाकडं जाणार नाही. लोहाराच्या भट्टीत तेवढं काम बसत नाही आणि बाहेरच्या क्रूसाला तसंही प्राइमर आणि रंग लागणारच.

पण लहान, भेटीचा क्रूस असेल तर वेल्डिंगवाल्याचं काम जवळून बघा. एका नातेवाइकांसाठी पूर्वी असा एक करून घेतला होता. दुकानाचं नाव सांगत नाही, त्यांनी बाकी कामं माझी चांगली केलीत. पोकळ चौरस पाइपचा होता. टाके ग्राइंडरनं घासून सपाट केले आणि राहिलेले खड्डे पुट्टीनं भरून त्यावर चकचकीत काळा रंग. दिवाळीला नवा दिसत होता. पुढच्या जुलैत मधल्या जोडातून तांबड्या पाण्याची एक रेघ भिंतीवर उतरली होती. टाक्यात कुठंतरी सुईएवढं भोक राहिलेलं, त्यातून पाणी पाइपच्या पोटात गेलं आणि आतून गंजलं. म्हणून वेल्डिंगचा करायचा तर भरीव बारचा करा, आणि जोड पुट्टी लावण्याआधी बघायला जा. रंग लागल्यावर गेलात तर बघण्यासारखं काही उरत नाही.

लेझरचं काम बेळगावात उद्यमबाग-मच्छेच्या कारखान्यांकडं सहज होतं. हा पर्याय मी आधी नाकच मुरडून बघितला होता, पण तिथं गेल्यावर मत थोडं बदललं. ५ मिलिमीटरच्या पत्र्यातून ३० सेंटिमीटरचा क्रूस, आत द्राक्षवेल, कडेला मराठीत किंवा कन्नडमध्ये वचन, नाव, लग्नाची तारीख, हे सगळं लोहार कधीच करू शकणार नाही. तुम्ही डीएक्सएफ फाइल (कॉम्प्युटरवर काढलेलं रेघांचं चित्र) द्यायची, ते पैसे कापाच्या लांबीवर आणि पत्र्याच्या वजनावर लावतात. नक्षी जितकी बारीक तितका काप लांब, तितके पैसे जास्त. अक्षरांच्या आतले बंद भाग कापून पडतात, म्हणून अक्षरं स्टेन्सिलसारखी जोडलेली ठेवायला सांगा, नाहीतर 'प्रभू'तल्या 'प'चं पोट तुकडा होऊन हातात येईल. आणखी एक: ऑक्सिजनवर कापलेल्या कडेला ऑक्साइडचा पातळ थर राहतो आणि पावडर कोटिंग त्यावरून सालासारखं निघतं. कडा घासून मगच कोटिंग करायला सांगा. दिसायला मात्र तो पत्राच दिसतो. समोरून सुरेख, बाजूनं बघितलं की पाच मिलिमीटर. पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या, वीस मुलांना सारखी भेट द्यायची असेल तर यासारखं दुसरं नाही.

बिडाचा विचार बेळगावच्या माणसाच्या मनात येतोच. गावात इतक्या फौंड्री आहेत की कुणाचा ना कुणाचा मेहुणा तिथं असतोच. पण एका क्रूसासाठी कुणी साचा घालत नाही. आधी लाकडी पॅटर्न, तोही बीड निवताना आकसतं म्हणून सुमारे एक टक्का मोठा, मग वाळूचा साचा, मग ओतकाम. पॅटर्नचे पैसे एका नगावर टाकले तर भेट जड जाते, पन्नास नगांवर वाटले तर काहीच वाटत नाही. चर्चच्या जयंतीला किंवा मोठ्या घराण्याच्या मेळाव्याला बीड चांगलं. नक्षी उठावदार येते, ती पत्र्यावर किंवा ऐरणीवर येणार नाही. बिडाचा दोष आपल्या घरातला तवा पडून फुटलेला ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको. क्रूसाचे आडवे हात बारीक असतात, फरशीवर पडला तर तिथंच मोडतो. मामांचा क्रूस माझ्या हातून गाडीतून उतरवताना रस्त्यावर पडला. रस्त्याला खड्डा पडला म्हणायचं तेवढं बाकी राहिलं.

पैशांचे आकडे मी मुद्दामच देत नाही, गावागणिक आणि ओळखीगणिक फरक पडतो. क्रम सांगतो. एकच नग घ्यायचा तर वेल्डिंगचा सगळ्यात स्वस्त, मग साधा लेझरचा, मग लोहाराचा खाच-रिपीटवाला, मग एका दांड्याचा आणि सगळ्यात महाग बिडाचा. संख्या वाढली की बीड आणि लेझर खाली येतात. लोहाराचा तिथंच राहतो, दहावा नगही त्याला पहिल्याइतकाच घाम काढतो. आणि कृपा करून लोहाराशी भाजीसारखी घासाघीस करू नका. माझे मामा आकडा सांगताना माझ्याकडं न बघता भट्टीकडं बघत होते. मी त्यावर वाढवूनच दिले, कारण जळलेला तुकडा त्यांनी हिशेबात धरलाच नव्हता.

वेळेचं गणित पैशापेक्षा जास्त चुकतं. मे-जूनमध्ये लोहाराकडं जाऊच नका. पेरणीच्या तोंडावर फाळ, कुळवाच्या फासा आणि खुरपी घेऊन अख्खा गाव तिथं बसलेला असतो. ऑक्टोबर संपता संपता भातकापणीचे विळे आणि ऊसतोडीचे कोयते सुरू होतात. मधला ऑगस्ट-सप्टेंबर मोकळा, पावसामुळं बाहेरचं काम नसतं आणि भट्टीजवळ बसायला माणसाला बरंही वाटतं. नाताळची भेट असेल तर गणपती उठले की लगेच सांगून या. नंतर गेलात तर "होतंय की" म्हणतील, आणि आमच्याकडं "होतंय की" म्हणजे होईलच असं नसतं. वेल्डिंगवाला आणि लेझरवाला बारा महिने सापडतात. फौंड्रीला पॅटर्नसकट महिना-दीड महिना धरून चला.

तर मी माझ्यापुरतं असं ठरवलंय. घरात लागणार असेल, एकाच घरासाठी असेल, देणाऱ्याकडं दोन-तीन आठवडे आणि एखादी ओळख असेल तर एका दांड्याचा लोहाराचा. तो जमला नाही तर खाच-रिपीटचा, त्यात कमीपणा नाही. मला तर कधी कधी तोच जास्त आवडतो, त्यातला रिपीट खिळ्यासारखा दिसतो आणि क्रूसावर खिळा शोभून दिसतो. नावं-तारखा कोरायच्या असतील तर लेझर. बाहेर रोवायचा असेल तर भरीव बारचा वेल्डिंगचा, झिंक प्राइमर मारून. उघड्यावर मेण टिकत नाही, एका पावसाळ्यात धुऊन जातं. घडवलेलाच बाहेर लावायचा हट्ट असेल तर जस्ताचा गरम मुलामा देता येतो, पण हातोडीच्या खुणा त्याखाली झाकल्या जातात. मग त्या पाडायला मामांना दीड तास कशाला बसवायचं?

एक गोष्ट मी विसरलो होतो, ती तुम्ही विसरू नका: टांगायचा कसा. मागं कडी नव्हती. गृहप्रवेशाच्या आदल्या दिवशी लक्षात आलं, धावत मामांकडं गेलो. ते जेवत होते. घास गिळून डाव्या हातानं क्रूस वर धरला आणि मधल्या खिडकीतून माझ्याकडं बघितलं. "भोक हाय की एवढं. हितनंच खिळा मारा." मित्राच्या आईनं मोकळा क्रूस आहे तसाच लावून घेतला. जेजू नंतर बघू म्हणाल्या. त्या खिळ्यावर आता त्यांची रोझरीची जपमाळ असते, आणि मित्र घरात असला की त्याच्या स्कूटरची किल्लीही.